आवाज मारिस्काचा, गाणं रॉबीचं: ‘व्हीनस’चं प्रकरण

७ फेब्रुवारी १९७० च्या आठवड्यात अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट हंड्रेड या गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीत एक नंबरला जे गाणं होतं ते एका डच बँडचं होतं. त्याआधी नेदरलँड्सचं गाणं तिथे कधीच पोचलं नव्हतं. आदल्या आठवड्यात त्या जागेवर जॅक्सन फाइव्ह, पुढच्या आठवड्यात स्लाय अँड द फॅमिली स्टोन, आणि मधला एकच आठवडा द हेग शहरातल्या शॉकिंग ब्लू नावाच्या बँडचा. गाणं ‘व्हीनस’, गाणारी मारिस्का वेरेस, वय वर्षं २२.

हे गाणं तुमच्या कानावरून शंभर टक्के गेलेलं आहे, नाव आठवत नसलं तरी. कुणी बनानारामा या ब्रिटिश मुलींच्या बँडचं व्हर्जन ऐकलं असेल, कुणाला बायकांच्या रेझरची ती जाहिरात आठवेल, आणि अलीकडच्या पोरांनी नेटफ्लिक्सवरच्या बुद्धिबळाच्या सिरीजमध्ये हिरॉईन घरात दारू पिऊन एकटीच नाचते तिथे ओरिजिनलच ऐकलंय. गाणं सगळ्यांना माहीत, मारिस्का कुणालाच नाही. आता वन हिट वंडर म्हणून असे डझनावारी लोक सापडतील, त्यात विशेष काय, असं वाटेल. पण हे प्रकरण मला जरा वेगळं वाटतं, कारण हे गाणं एकदा हिट होऊन संपलं नाही, ते पुन्हा पुन्हा वर आलं, दर वेळी नव्या रूपात, आणि दर वेळी ते वर आलं की गाणाऱ्या बाईचा त्यातला वाटा आणखी थोडा कमी होत गेला. कुणी तिला फसवलं वगैरे भानगड नाहीये यात. सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि म्हणूनच नियम काय आहेत ते बघायला हे उदाहरण चांगलं आहे.

आधी बाई कोण ते बघू. जन्म १ ऑक्टोबर १९४७, द हेग. वडील लायोश वेरेस हंगेरियन रोमा व्हायोलिनवादक, त्यांचा स्वतःचा जिप्सी ऑर्केस्ट्रा होता. आई जर्मनीत जन्मलेली. बहीण पियानो वाजवणारी. म्हणजे घरात गाणं-बजावणं हाच धंदा, आणि मारिस्का लहान वयापासून वडलांबरोबर गायची. तिचा जो आवाज आहे ना, खालच्या पट्टीतला, भरदार, थोडा खर्जाकडे झुकणारा आणि शेवटी कापरा होणारा, तो त्या काळच्या पॉप गाणाऱ्या गोड गोड मुलींचा आवाजच नव्हे, तो सरळ त्या ऑर्केस्ट्रातून आलेला आहे. हे माझं ऐकून झालेलं मत आहे, पण तिचं शेवटच्या काळातलं रोमा गाण्यांचं रेकॉर्डिंग ऐकलं की तुम्हालाही पटेल.

आणि शहर कुठलं, तर द हेग. साठच्या दशकात तिथे गिटारवाल्या बँडचा नुसता सुळसुळाट होता. त्याचं एक कारण असं की इंडोनेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथून आलेली मिश्र वंशाची हजारो कुटुंबं या शहरात आणि आसपास राहिली, आणि त्यांच्या पोरांनी येताना गिटार आणि एक आख्खी वाजवायची स्टाइल बरोबर आणली. त्यांच्यातले टिलमन ब्रदर्स हे सगळ्यात गाजलेलं नाव, या प्रकाराला इंडो-रॉक म्हणायचे. गोरी डच पोरं त्यांचं बघून शिकली. गोल्डन इअरिंग हा बँडही द हेगचाच.

रॉबी फान लेउवेन हा याच गर्दीतला गिटारिस्ट. आधी द मोशन्स नावाच्या बऱ्यापैकी चाललेल्या बँडमध्ये होता, तिथून बाहेर पडून १९६७ ला त्याने शॉकिंग ब्लू काढला. पहिला गायक पुरुष होता, फ्रेड द विल्डे. बेसवर क्लासये फान डेर वाल, ड्रम्सवर कोर फान डेर बेक. बरं चाललं होतं, १९६८ ला एक छोटं हिटही झालं. मग गोल्डन इअरिंगचं एक गाणं डच चार्टवर एक नंबरला गेलं म्हणून पार्टी होती, तिथे बम्बल बीज नावाचा बँड गात होता, त्यात मारिस्का होती. शॉकिंग ब्लूच्या मॅनेजरने तिला तिथे ऐकलं आणि विषय संपला. त्या दिवसांत अमेरिकेत जेफरसन एअरप्लेनची ग्रेस स्लिक जोरात होती, पुढे बाई आणि मागे दणकट रॉक बँड हा प्रकार एकदम ताजा होता, आणि रॉबीला नेमकं तसंच काहीतरी हवं होतं.

इथे कामाची वाटणी समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. रॉबी गाणी लिहायचा, चाली लावायचा, अरेंजमेंट ठरवायचा, गिटार आणि सतारही वाजवायचा. हो, सतार. ‘अ‍ॅट होम’ या १९६९ च्या अल्बमवर ‘अका रागा’ नावाचा एक पीस आहे, तो मूळचा कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांचा, त्यांनी ‘जो हॅरियट’ नावाच्या जमैकन सॅक्सोफोनवाल्याबरोबर लंडनमध्ये जे इंडो-जॅझ केलं त्यातला. द हेगच्या पोराने तो उचलून रॉक बँडमध्ये सतारीवर वाजवला. त्याच अल्बमवर ‘लव्ह बझ’ आहे, त्यातही सतार, त्याच्याकडे नंतर येतो. मुद्दा असा की बँडमधलं डोकं रॉबीचं होतं, आणि मारिस्का त्याने लिहिलेलं गायची.

किती लिहिलेलं तसंच गायची याचा तो प्रसिद्ध किस्सा आहेच. ‘व्हीनस’च्या पहिल्याच ओळीत देवी या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, रॉबीने टाइप करताना ‘गॉडेस’चं ‘गॉडनेस’ करून ठेवलं, आणि तिने कागदावर होतं तसं गाऊन टाकलं. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नव्हती, स्टुडिओत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते तसंच अमेरिकेत एक नंबरला गेलं! आजही ओरिजिनल लावा, ऐकू येतं.

‘व्हीनस’ १९६९ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये पिंक एलिफंट या लेबलवर आलं. गंमत म्हणजे घरी ते एक नंबर झालंच नाही, तीनवर अडकलं. अमेरिकेत जेरी रॉस नावाचा फिलाडेल्फियाचा प्रोड्युसर होता, त्याला आपल्या नव्या कोलॉसस लेबलसाठी माल पाहिजे होता, आणि त्याने सरळ नेदरलँड्समधून तीन रेकॉर्ड उचलल्या. शॉकिंग ब्लूचं ‘व्हीनस’, टी सेटचं ‘मा बेल आमी’ आणि जॉर्ज बेकर सिलेक्शनचं ‘लिटल ग्रीन बॅग’. पहिलं एक नंबर, दुसरं पाच, तिसरं एकवीस. एकाच माणसाची एवढी अचूक खरेदी मी तरी दुसरी वाचलेली नाही. पण कोलॉसस १९७१ पर्यंत गुंडाळलं गेलं. शॉकिंग ब्लूचं पुढचं ‘माइटी जो’ नेदरलँड्समध्ये एक नंबर झालं पण अमेरिकेत ४३ वर थांबलं, त्यापुढचं ७५ वर, आणि ‘नेव्हर मॅरी अ रेलरोड मॅन’, जे माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं आहे आणि युरोपात तुफान चाललं, ते अमेरिकेत पहिल्या शंभरातही शिरलं नाही. म्हणजे अमेरिकेपुरता विषय सहा महिन्यांत आटोपला. युरोपात आणि जपानात मात्र अजून दोन-तीन वर्षं बँड जोरात होता.

आता पैशाचं गणित. लोक हा भाग टाळतात आणि सरळ ‘बिचारी’ वर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेकॉर्डवरच्या गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल, ती लिहिणाऱ्याची आणि त्याच्या पब्लिशरची. दुसरी म्हणजे ते ठराविक रेकॉर्डिंग, ते बहुतेक वेळा कंपनीचं, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना त्यातून काय मिळेल ते करारावर. अमेरिकेत १९७० ला प्रत्येक विकलेल्या रेकॉर्डमागे रचनेचे दोन सेंट असा कायद्यातलाच दर होता, १९०९ पासून तोच चालू होता. दोन सेंट म्हणजे काहीच नाही वाटेल, पण रेकॉर्ड लाखांत खपल्या की हिशोब करून बघा, आणि तो पैसा लेखक आणि पब्लिशर यांच्यात वाटला जातो, गाणारी त्यात नाही. मग रेडिओ. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की रचनेच्या मालकाला पैसे मिळतात आणि गाणाऱ्याला काहीही नाही, शून्य, आणि हे जुनं नाही बरं का, साध्या एफएम रेडिओसाठी आजही असंच आहे. म्हणजे जुन्या गाण्यांच्या अमेरिकन स्टेशनवर ‘व्हीनस’ गेल्या पन्नास वर्षांत जितक्या वेळा वाजलं असेल, त्यातल्या एकाही वेळेला मारिस्काच्या आवाजाचं म्हणून कायद्याने काही देणं लागत नव्हतं.

नेदरलँड्समध्येही फार वेगळं नव्हतं. लेखकांची वसुली करणारी संस्था तिथे कित्येक दशकं जुनी, पण रेडिओवर वाजलेल्या रेकॉर्डिंगसाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मोबदला देणारा कायदा तिथे आला १९९३ ला. तोवर ‘व्हीनस’ २४ वर्षांचं झालेलं.

आपल्याकडे हे वाचून लगेच लता-रफी वाद आठवेल, आणि आठवायलाच पाहिजे, कारण प्रश्न तंतोतंत हाच होता. साठच्या दशकात लताबाई म्हणाल्या गाणाऱ्याला रॉयल्टी मिळाली पाहिजे, रफीसाहेब म्हणाले आपण गायलो, पैसे घेतले, विषय संपला, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मारिस्काच्या जगात रफीसाहेबांचाच नियम चालू होता. आपल्या देशात कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्यांच्या रॉयल्टीची सोय नीट झाली ती २०१२ च्या दुरुस्तीत, म्हणजे या बाबतीत आपण डच लोकांच्या बरेच मागे.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते गाण्याच्या पुढच्या आयुष्यात दिसतं.

१९७९ ला विलेम फान कोटेन नावाचा माणूस, जो आधी रेडिओ व्हेरोनिकावरचा प्रसिद्ध डीजे होता आणि ज्याच्या रेड बुलेट कंपनीकडे ‘व्हीनस’चे पब्लिशिंग हक्क होते, एका रेकॉर्डच्या दुकानात उभा होता आणि तिथे एक डिस्को मेडली, म्हणजे बऱ्याच गाण्यांचे तुकडे एकाच ठेक्यावर जोडलेली रेकॉर्ड, वाजत होती. त्यात त्याला अचानक ‘व्हीनस’ ऐकू आलं. तो चपापला, कारण परवानगी द्यायचा हक्क त्याचा आणि त्याने तर कुणाला दिलीच नव्हती. म्हणजे माल चोरीचा. दुसरा कुणी वकील गाठला असता. या पठ्ठ्याने ठरवलं की आयडिया भारी आहे, आपणच अशी मेडली काढू, रीतसर. प्रोड्युसर घेतला याप एगरमाँट, गोल्डन इअरिंगचा जुना ड्रमर, आणि सगळी गाणी नव्याने गाऊन-वाजवून घेतली, ओरिजिनल रेकॉर्डिंगला हातच लावला नाही. हेच ते स्टार्स ऑन ४५. जून १९८१ ला ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. त्यात ‘व्हीनस’ची फक्त सुरुवातीची गिटार आहे, ती प्रसिद्ध टॅण-टॅण. मारिस्का नाही, तिची नक्कलही नाही. आणि अमेरिकेत पब्लिशर लोकांनी हट्ट धरला की मेडलीतल्या सगळ्या गाण्यांची नावं टायटलमध्ये आलीच पाहिजेत, त्यामुळे त्या रेकॉर्डचं नाव ४१ शब्दांचं झालं आणि त्यात ‘व्हीनस’ छापून आलं. रचना मालकाची म्हणून तिचं नाव टायटलात, आवाजाचा तर पत्ताच नाही.

पाच वर्षांनी बनानारामा. लंडनच्या तिघी, त्या हे गाणं आवडीने स्टेजवर गायच्याच, पण स्टॉक-एटकिन-वॉटरमन या प्रोड्युसर त्रिकुटाबरोबर त्यांनी ते पूर्ण डान्स करून टाकलं, आणि सप्टेंबर १९८६ ला ‘व्हीनस’ पुन्हा अमेरिकेत एक नंबर. कव्हर करायला, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करायला, मूळ गायकाची परवानगी लागत नाही, पैसेही द्यायचे नसतात, रचनेचे दिले की झालं. ब्रिटनमध्ये एक मजेशीर योगायोग झाला, शॉकिंग ब्लूचं व्हर्जन तिथे आठवर गेलं होतं आणि बनानारामाचंही बरोबर आठवरच. मग १९९० ला डॉन पाब्लोज अ‍ॅनिमल्स या इटालियन लोकांनी त्याचं हाऊस म्युझिक केलं, शब्दच काढून टाकले, आणि ते ब्रिटनमध्ये चारवर गेलं. म्हणजे बघा, गाणारीसकट आठवा नंबर आणि गाणारीशिवाय चौथा. हे वाचून मी हसलो होतो, मग जरा वेळाने हसू गेलं.

२००१ ला जिलेटने बायकांसाठी व्हीनस नावाचं रेझर काढलं आणि जाहिरातीत हेच गाणं घेतलं. जाहिरातीत नव्याने गाऊन घेतलं की पैसा कुठे जातो हे आता सांगायची गरज नाही.

‘लव्ह बझ’चं तर आणखी वेगळंच. हे नेदरलँड्समध्येही कधी मोठं हिट नव्हतं. पण नोव्हेंबर १९८८ ला सिअ‍ॅटलच्या सब पॉप लेबलवर एका नव्या बँडचं पहिलं सिंगल निघालं, हजार कॉपी, हाताने नंबर घातलेल्या, आणि ते गाणं होतं शॉकिंग ब्लूचं ‘लव्ह बझ’. बँडचं नाव निर्वाणा. त्यांचा गायक कर्ट कोबेनने त्यातले शब्द अर्धेमुर्धेच ठेवले, घेतलं काय तर ती बेसची लाइन. पुढे निर्वाणा केवढा झाला ते जगाला माहीत आहे, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमच्या ज्या ज्या कॉपीवर हे गाणं आहे तिच्यामागे रॉबी फान लेउवेनचा हिस्सा आहे. २००४ ला प्रॉडिजी या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडने ‘फिनिक्स’ या ट्रॅकमध्ये ‘लव्ह बझ’चं ओरिजिनल रेकॉर्डिंग सँपल केलं, म्हणजे त्याचा तुकडा जसाच्या तसा वापरला, आणि तिथे मात्र खरोखर मारिस्काचाच आवाज आहे. म्हणून मला तो ट्रॅक आवडतो. सँपलला रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी लागते, त्यामुळे कव्हर आणि सँपल यातला फरक जर कुणाला समजावून सांगायचा असेल तर ‘लव्ह बझ’ची ही दोन रूपं शेजारी ठेवा, काम झालं.

आता दुसरी बाजू, नाहीतर रॉबीवर अन्याय होईल. तो काही खलनायक नाही. गाणी त्याची, सतार घालायची कल्पना त्याची, बाईला पुढे आणायचा निर्णय त्याच्या बँडचा. त्याच्याशिवाय मारिस्का कदाचित द हेगच्या क्लबांमध्ये चांगलं गाणारी एक बाई एवढीच राहिली असती. पण ‘व्हीनस’ शंभर टक्के रॉबीच्या डोक्यातून आलं का? तर तसं नाही, आणि प्रकरणातला सगळ्यात चविष्ट भाग माझ्या मते हाच आहे. १९६३ ला बिग थ्री नावाच्या अमेरिकन फोक त्रिकुटाने ‘द बँजो साँग’ म्हणून एक गाणं केलं होतं. त्यात टिम रोझने स्टीफन फॉस्टरच्या ‘ओ सुझाना’ या १८४८ च्या गाण्याचे शब्द घेऊन त्यांना स्वतःची नवीकोरी चाल लावली होती. यूट्यूबवर आहे, ऐका, खुर्चीतून पडाल. सुरुवातीची गिटार, चालीची वळणं, जवळजवळ सगळं ‘व्हीनस’. रॉबीने ती चाल घेतली, वर विजेचा गिटार, ऑर्गनसारखा वाजणारा इलेक्ट्रिक पियानो, नवे शब्द. रेकॉर्डवर लेखक म्हणून नाव एकट्या रॉबीचं. आणि ते मूळ शब्द लिहिणारा फॉस्टर १८६४ ला न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात वारला तेव्हा त्याच्या पाकिटात ३८ सेंट होते. तर या साखळीत कुणाला किती मिळालं आणि कुणी किती घातलं याचा मेळ कुठेच बसत नाही, लेखकांमध्येही नाही.

मग ज्या माणसाने चाल उचलली आणि सजवली त्याचा वाटा कायम, आणि जिने ती चाल जगाच्या कानात बसवली तिचा वाटा कराराच्या कागदापुरता, हे जरा विचित्र नाही वाटत? मला वाटतं. बनानारामाचं व्हर्जन मला आवडतं, पण ते ऐकताना तीन मुली मजा करतायत असं वाटतं. मारिस्का गाते तेव्हा ती देवीबद्दल सांगत नसते, तीच देवी असते, आणि हे रॉबीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. कायद्याच्या भाषेत मात्र ते कलाकाराचं काम, मजुरीत मोडणारं.

तिचं बँडमधलं आयुष्यही बघण्यासारखं आहे. फोटोत दिसते ती बाई म्हणजे काजळाने भरलेले डोळे, उंच गालफडं, कमरेपर्यंत काळेभोर केस. ते केस विग होते. बाकी रॉकवाल्यांचं जे काही चालायचं त्यातलं हिचं काही नाही, दारू नाही, ड्रग्ज नाहीत, सिगारेट नाही, चहा आणि मांजरं. बऱ्याच वर्षांनी एका बेल्जियन मासिकाला तिने सांगितलं की तेव्हा ती नुसती रंगवलेली बाहुली होती, कुणी तिच्यापर्यंत पोचूच शकत नव्हतं, आता ती माणसांत जास्त मोकळी झालीय. हे वाक्य लोक तिच्या दुःखाचा पुरावा म्हणून देतात. मला तर त्यात सुटका ऐकू येते.

१९७४ ला बँड मोडला. रॉबी आधीच बाजूला झालेला, त्याने पुढे गॅलॅक्सी-लिन आणि मग मिस्ट्राल असे बँड केले, लेखक-प्रोड्युसर म्हणून चालू राहिला. मारिस्काने सोलो सिंगल काढले, १९७५ चं ‘टेक मी हाय’ थोडंफार चाललं, पुढची फारशी नाहीत. आणि हे होणारच होतं. जिचं आयुष्य दुसऱ्याने लिहिलेली गाणी गाण्यात गेलं तिला सोलो जाताना नवा लिहिणारा शोधावा लागतो. लिहिणाऱ्याचं तसं नसतं, त्याला नवीन आवाज मिळतो, रॉबीला मिस्ट्रालसाठी मिळालाच.

बँडचं नाव हा आणखी एक मुद्दा. लोकांच्या डोळ्यासमोर शॉकिंग ब्लू म्हणजे मारिस्काचा चेहरा, दुसरा कुणी नाही, बेसिस्टचा चेहरा कुणाला आठवतोय? पण १९९३ ला तिने नव्या पोरांना घेऊन त्या नावाने पुन्हा बँड उभा केला तेव्हा ते रॉबीच्या परवानगीने. १९९४ ला ‘बॉडी अँड सोल’ सिंगल आलं, ते त्यानेच प्रोड्यूस केलं, म्हणजे संबंध चांगले असणार. पण परवानगी ही परवानगीच. तरीही माझ्या हिशोबाने हाच तिचा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण नॉस्टॅल्जियाच्या कार्यक्रमांत मानधन स्टेजवर उभं राहणाऱ्याला मिळतं, आणि तिथे रॉबीपेक्षा तिची किंमत जास्त. ज्या ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष उभं राहावं लागतं ती एकच जागा आवाजाच्या बाजूची आहे.

आणि बाजूबाजूला तिने स्वतःसाठीही गायलं. १९९३ लाच ‘शॉकिंग यू’ नावाचा जॅझ अल्बम, आणि २००३ ला आंद्रेई सर्बन यांच्या वाद्यवृंदाबरोबर ‘जिप्सी हार्ट’, म्हणजे थेट वडलांच्या संगीतात परत. खप म्हणाल तर जेमतेम. पण वर जो तिच्या आवाजाचा विषय काढला तो इथे एकदम उघड होतो, मागे ड्रम्स नाहीत, व्हायोलिन आणि सिम्बालॉम (काठ्यांनी वाजवायचं, संतूरसारखं हंगेरियन वाद्य) आहे, आणि ती इतकी आरामात गाते की वाटतं रॉक बँड हा मधला काही वर्षांचा बदलीचा काळ होता. हा अल्बम जास्त लोकांनी ऐकायला पाहिजे होता असं म्हणून मी थांबतो, नाहीतर यावरच चार पानं होतील.

२ डिसेंबर २००६ ला ती गेली, पित्ताशयाचा कॅन्सर, निदान झाल्यावर काही आठवड्यांतच. वय ५९. जगभरच्या बातम्यांत हेडलाइन एकच, ‘व्हीनस’ची गायिका.

या प्रकरणात तिने काय वेगळं करायला पाहिजे होतं, असं विचारलं तर माझं उत्तर असं की १९६८ ला २१ वर्षांच्या मुलीकडे फार काही पर्याय नव्हते. लिहिण्यात भागीदारी मागता आली असती, बीटल्सनंतरच्या काळात बँडवाले तसं करायलाही लागले होते, काही बँड तर कुणीही लिहिलं तरी सगळ्यांची नावं टाकायचे आणि भांडणं टाळायचे. पण त्यासाठी आपला आवाज हा रचनेचा भाग आहे हे आधी स्वतःला पटलेलं लागतं, आणि वडलांच्या ऑर्केस्ट्रात वाढलेल्या मुलीला गाणं म्हणजे संध्याकाळी जायचं, गायचं, मानधन घ्यायचं, घरी यायचं, हेच माहीत. आजच्या पोरी स्टुडिओत शिरायच्या आधी स्प्लिट विचारतात, शब्दाला किती, चालीला किती, टक्क्यांत. एखादी ओळ सुचवली तरी नाव घालून घेतात, आणि लोक त्यांना लोभी म्हणतात. म्हणू देत.

कायद्यात एक बदल मात्र तिच्या मागे झाला. युरोपात रेकॉर्डिंगवरचे हक्क पूर्वी ५० वर्षं चालायचे, त्या हिशोबाने ‘व्हीनस’चं ओरिजिनल रेकॉर्डिंग २०१९ संपताना मोकळं झालं असतं, पण २०११ ला युरोपियन युनियनने ही मुदत ७० केली. त्यामुळे ते आता २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहे आणि युरोपात कुठल्याही स्टेशनने ते लावलं तर वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या खात्यात, किंवा त्यांच्या वारसांच्या, काहीतरी जमा होतं. रचनेचं घड्याळ वेगळं चालतं, ते लेखकाच्या मृत्यूपासून मोजायला सुरुवात होते आणि पुढे ७० वर्षं.